‘हा ठराव तुम्हाला कोणी लिहून दिला?’ : राज्यपालांना खुलं पत्र

प्रति,
मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य,
मलबार हिल, मुंबई

विषय : अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभा आणि त्यांच्या बाजूने बोलणारी माणसं यांच्या संरक्षणासाठी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरण्याबाबत

मा. महोदय,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त मास्तर. नोकरीची शेवटची वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या एका माडिया गोंड आदिवासींच्या गावात काढली. शाळा दोन खोल्यांची. पुस्तकं मराठी, पोरं माडिया बोलणारी आणि मी वर्ध्याकडचा. पहिली दोन वर्षं कोण कोणाला शिकवतंय हेच कळत नव्हतं.

वनहक्क कायद्याचे नियम जानेवारी २००८ मध्ये लागू झाले आणि गावात ग्रामसभेची वही आली. लांब, जाड पुठ्ठ्याची, तालुक्याच्या दुकानातून आणलेली. गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर, माणसं बसायची, बायका एका बाजूला, म्हातारे मोहाच्या झाडाखाली. बोलणं तासन्‌तास चालायचं. मतदान नाही, हात मोजणं नाही. एकालाही पटत नसेल तर विषय पुढच्या बैठकीला. सगळ्यांचं एक झालं की बारावी शिकलेला एक पोरगा ते मला मराठीत सांगायचा आणि मी लिहायचो. माझं काम शुद्धलेखनाचं. ‘सर्वानुमते’ हा शब्द मी आयुष्यभर शाळा समितीच्या इतिवृत्तात लिहीत आलो होतो. तो खरा असतो हे तिथे पहिल्यांदा पाहिलं.

पुढे एका वर्षी गावाने डोंगराबद्दल ठराव केला. आम्हाला इथे खाण नको, एवढाच त्याचा अर्थ. पंधरा-वीस दिवसांनी जीपमधून साहेब आले. कोणत्या खात्याचे ते इथे लिहीत नाही. त्यांनी वही मागितली, पान उलटलं आणि विचारलं, “हा ठराव तुम्हाला कोणी लिहून दिला?”

एक म्हातारा उठून म्हणाला, “बोललो आम्ही. लिहिलं मास्तरनं. तुमचं पत्र तरी तुमचा मोठा साहेब स्वतः टाईप करते का?”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यानंतर तो बारावी शिकलेला पोरगा किती वेळा ‘चौकशीला’ जाऊन आला, मला मोजता आलं नाही. कारण पुढच्याच उन्हाळ्यात मी बदलीचा अर्ज दिला. तो मंजूरही झाला. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण खरं आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही मागायचा मला अधिकार नाही.

तो प्रश्न मात्र माझ्या मागे आला. विचारणाऱ्याने तो विचारण्याआधीच दोन गोष्टी धरून ठेवलेल्या असतात. आदिवासी स्वतःहून असा विचार करू शकत नाही, ही एक. त्याच्याकडून तो करवून घेणारा कोणीतरी मागे आहे आणि त्याला शोधणं हे आपलं काम आहे, ही दुसरी. मग शोध सुरू होतो. आणि शोधणाऱ्याला कोणीतरी सापडतोच : लिहिता येणारा पोरगा, वकिली शिकलेला पहिला मुलगा, बैठकीला आलेली कार्यकर्ती, कायद्याची पुस्तिका वाटणारा. परदेशात अशा माणसांना मानवी हक्क रक्षक म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९८ मध्ये त्यांच्या संरक्षणाचा जाहीरनामा मंजूर केला. २००७ मध्ये आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला, त्याच्या बाजूने भारतानेही मत दिलं. आमच्या देशात सगळेच मूळनिवासी आहेत, असंही भारताने सोबत सांगितलं. आमच्याकडे मात्र या माणसांना वेगळं नाव आहे. ते आपल्याला ठाऊक आहे.

एटापल्ली तालुक्यातच सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रा भरते. आजूबाजूच्या इलाख्यातलीच नव्हे, तर सीमेपलीकडच्या छत्तीसगडातली माणसंही चालत येतात. त्याच डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. २००७ मध्ये तिथल्या ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा एका खाजगी कंपनीला मिळाला. माओवाद्यांच्या हिंसेमुळे काम बरीच वर्षं अडकलं, २०२१ पासून जोरात सुरू झालं, आणि २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन खनिज काढण्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याआधीची जनसुनावणी झाली ती डोंगराजवळच्या कोणत्याही गावात नव्हे, शंभर किलोमीटरहून लांब, जिल्ह्याच्या ठिकाणी. ज्या बाईच्या धानावर ट्रकची लाल धूळ बसते, तिने दिवसाची मजुरी बुडवून, एसटी मिळाली तर पकडून, पोलिसांच्या रांगांमधून आत जायचं आणि तिला न समजणाऱ्या भाषेतल्या अहवालावर हरकत नोंदवायची. नोंदवली नाही, तर ‘स्थानिकांचा विरोध नव्हता’.

२०२३ च्या मार्चमध्ये त्याच तालुक्यात तोडगट्ट्याला आसपासच्या गावांनी ठिय्या दिला. प्रस्तावित खाणी नकोत, खाणींसाठीचा रस्ता नको, ग्रामसभेला विचारा, या मागण्या. पानांच्या झोपड्या बांधून, पाळीपाळीने गावं येऊन बसत होती. घरून तांदूळ आणायचा, आठवडा काढायचा, दुसरं गाव आलं की परतायचं. पेरणी झाली, कापणी आली, अडीचशेच्या वर दिवस झाले. त्या वर्षी २० नोव्हेंबरला पोलिसांनी झोपड्या काढून टाकल्या आणि माणसं ताब्यात घेतली. आंदोलकांनी आम्हाला अडवलं, अंगावर आले, असं पोलिसांचं म्हणणं. आम्ही शांतपणे बसलो होतो, असं गावांचं. खरं काय ते न्यायालय पाहील. माझा प्रश्न त्याच्या आधीच्या अडीचशे दिवसांचा आहे. एवढ्या दिवसांत सरकारतर्फे ज्याचा शब्द चालतो असं कोणी त्या झोपडीत बसून ग्रामसभेचं म्हणणं लिहून घेऊ शकलं नसतं का? वही तर तिथेच होती.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर पत्र खोटं ठरेल. माडिया माणूस चाळीस वर्षं दोन बंदुकांच्या मधे जगला. रात्री ‘दादालोक’, म्हणजे माओवादी, आले की भात द्यायचा आणि सकाळी पोलीस आले की तो का दिला ते सांगायचं. ‘खबऱ्या’ ठरवून माओवाद्यांनी ज्यांना मारलं, त्यांतले बहुतेक आदिवासीच. त्यांनाही ठराव नकोसाच होता. गावाने स्वतः विचार करावा हे बंदूकवाल्यांना कधीच मानवत नाही. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ पोलीस जवान गेले. माझ्या शाळेतला एक मुलगा आज पोलिसांत आहे. त्याच्या आईची उडालेली झोप मी पाहिली आहे. म्हणून पोलिसांवर मी सरसकट दोष ठेवत नाही, ठेवणारही नाही.

पण आता काळ बदललाय, असं सरकारच म्हणतं. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. चांगलं झालं. जिल्ह्यात त्या दिवशी कोणाला वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. मग ज्या गावाकडे बंदूक कधी नव्हतीच, फक्त एक जाड पुठ्ठ्याची वही होती, त्याच्याकडे आता कोणत्या नजरेने पाहायचं ठरलंय?

हा प्रश्न पडायचं कारण विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेला विशेष जनसुरक्षा कायदा. त्याच्या मसुद्यावर संयुक्त समिती बसली, १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या, शब्द बदलले, रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता असल्याचं सांगण्यात आलं. तरी बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत कायदा आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हे राहिलंच. बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा, सगळं त्यात बसतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. आता मुंबईत बसून वाचलं तर हे वाक्य शहरातल्या कुठल्याशा खोलीत कट शिजवणाऱ्यांसाठी आहे असं वाटेल. एटापल्लीत वाचून पाहा. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या मोजणीच्या आदेशाला गाव म्हणतं, ‘आधी ग्रामसभेला विचारा.’ ही अवज्ञा की वनहक्क कायद्याच्या कलम ५ चं पालन? त्या कलमाने जंगल, पाणी आणि सांस्कृतिक वारसा राखायचा अधिकार ग्रामसभेलाच दिला आहे. एकाच वाक्यासाठी एक कायदा पाठ थोपटतो आणि दुसरा हातकडी दाखवतो. अशा वेळी ठाण्यातला उपनिरीक्षक कोणता कायदा काढेल, हे सांगायला वकील लागत नाही.

‘निरपराध माणसाला भ्यायचं कारण नाही,’ असं हमखास म्हटलं जातं. महेश राऊत हे नाव आपल्या कानावर असेल. पंतप्रधान ग्रामीण विकास फेलो म्हणून ते आमच्या जिल्ह्यात होते, नंतर ग्रामसभांसोबत तेंदू, बांबू, वनहक्क यांवर काम करत राहिले. जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात त्यांना अटक झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि स्थगितीतच आणखी दोन वर्षं गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजारपणामुळे अंतरिम जामीन दिला तेव्हा अटकेला सात वर्षं उलटली होती. खटला बाकी आहे, म्हणून त्यावर मी बोलत नाही. झारखंडच्या आदिवासींसाठी आयुष्य घालवलेले फादर स्टॅन स्वामी त्याच प्रकरणातले. कंपवाताने हात थरथरत, पाणी प्यायला त्यांना नळी लागायची. तिच्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला कोठडीतच, मुंबईच्या एका रुग्णालयात, ८४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यापुरता खटला निकालाविना संपला. हे सगळं गडचिरोलीतल्या त्या लिहित्या पोराने मोबाईलवर वाचलेलं असतं. त्याला कोणी धमकी द्यावी लागत नाही. तो वही दुसऱ्याकडे सरकवतो.

आणि नियम पाळून, न्यायालयात जाऊन, जिंकून तरी शिक्का पुसला जातो का? ओडिशातल्या नियमगिरीचं पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांसमोर ठेवा. बारा गावांत ग्रामसभा झाल्या, न्यायाधीशांच्या देखरेखीत, आणि बाराही डोंगरिया-कुटिया कोंध गावांनी नाही म्हटलं. याहून घटनात्मक नकार कसा असतो? तरी चार वर्षांनी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात तिथल्या नियमगिरी सुरक्षा समितीचं नाव माओवाद्यांशी जोडलं गेलं. परत तोच प्रश्न, फक्त इंग्रजीत छापलेला : हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?

खाणीलाच विरोध करा, असं मी सांगत नाही. आमच्या गावातली काही पोरं खाणीत, ट्रकवर कामाला आहेत, पगार नियमित येतो, घरावर पत्रा चढलाय. कोणा ग्रामसभेने विचार करून हो म्हटलं तर नको म्हणणारा मी कोण? पण हो म्हणायची मुभा असते आणि नाही म्हटलं की चौकशी, याला विचारणं म्हणत नाहीत. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्यात तर आणखी गंमत आहे. गावच्या ओढ्यातली रेती, मुरूम म्हणजे गौण खनिज. त्याच्या लिलावाआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. देवाचा अख्खा डोंगर लोखंडाचा असेल तर ते प्रमुख खनिज. त्याला ती अट नाही. ट्रॅक्टरभर मुरमाला विचारायचं आणि डोंगराला नाही.

आमच्याच जिल्ह्यात दुसरंही उदाहरण आहे, तेही सांगतो, कारण जिल्ह्याबद्दल नुसतं रडगाणं ऐकून आपणही कंटाळला असाल. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. ऐकायला बंडाची वाटते. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी ती कायदा वाचून, अभ्यास करून, सर्वसहमतीने जगून दाखवली. २००९ मध्ये अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आज जिल्ह्यात हजाराहून जास्त ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, पाने मोजून घेणारी, ठेकेदाराशी भाव ठरवणारी, बँकेत खातं चालवणारी माणसं तीच, जी पूर्वी वनरक्षक दिसला की रानात पळायची. दहा वर्षांत एवढं झालं ते बंदुकीने झालं नाही, वहीने झालं. आणि मेंढ्याची घोषणा कोणी जनसुरक्षेच्या चष्म्यातून वाचली, तर तिच्यात अवज्ञा सापडणारच नाही याची खात्री मला कोणी द्यावी.

मग मुख्यमंत्र्यांना सोडून आपल्याला पत्र का? कारण आपल्याकडे असा एक अधिकार आहे जो त्यांच्याकडे नाही. पाचव्या अनुसूचीचा परिच्छेद ५. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा अमुक फेरबदलांसह लागू होईल, असं राज्यपाल अधिसूचनेने सांगू शकतात. बरीच राज्यं हा अधिकार कपाटात ठेवून बसली आहेत. महाराष्ट्र नाही. २०१४ मध्ये याच पदावरून बांबूसह गौण वनोपजाचे कायदे बदलले गेले आणि ग्रामसभांचा हक्क पक्का झाला. मे २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, वनहक्काचा दावा जिल्हा समितीने फेटाळला तर वरती अपील करता येईल अशी दुरुस्ती राज्यपालांनीच केली. तेव्हा वाट नवी नाही, आपल्याच कार्यालयातून गेलेली आहे.

त्या वाटेने एक अधिसूचना काढावी, ही माझी विनंती. जनसुरक्षा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होताना त्यात एक अपवाद जोडावा : ग्रामसभेत विषय मांडणं, बोलणं, ठराव करणं, तो लिहिणं, त्याचं भाषांतर करणं, तो शासनाकडे नेणं आणि त्यासाठी शांततेने बसणं, हे बेकायदेशीर कृत्य धरलं जाणार नाही. ‘लिहिणं’ आणि ‘भाषांतर करणं’ हे शब्द मुद्दाम घातलेत. ते गाळू नयेत.

दुसरं, परिच्छेद ३ प्रमाणे आपण दरवर्षी अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राष्ट्रपतींना देता. पुढच्या अहवालात एवढं यावं : ग्रामसभांच्या पदाधिकाऱ्यांवर, त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांवर किती गुन्हे दाखल आहेत, किती तडीपारीच्या नोटिसा निघाल्या, खटल्यांचं पुढे काय झालं, आणि माडिया गोंडांसारख्या आदिम समूहांच्या अधिवास हक्कांचं, म्हणजे त्यांच्या साऱ्या वस्ती-इलाख्यावरच्या हक्काचं, काम कुठे आहे. हा हक्क २००६ पासून कायद्यात लिहिलेला आहे. अहवाल मराठीत यावा, जमलं तर माडियातही वाचून दाखवला जावा. आपल्याबद्दल दिल्लीला काय कळवलं, हे आमच्या माणसांनी आजवर ऐकलेलं नाही.

तिसरी गोष्ट मागणी म्हणावी की नाही, मला कळत नाही. एकदा या. हेलिकॉप्टर पोलीस मदत केंद्रापाशी उतरवून नव्हे. ग्रामसभेच्या दिवशी, दुपारी, गोटुलासमोर. आपल्यासाठी खुर्ची आणतील, ती नाकारू नका, वाईट वाटतं. बोलणं समजणार नाही. बसा. दोन तासांनी कोणीतरी मराठीत सांगेल. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असं आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा संविधान सभेत म्हणाले होते. ते नुसतं भाषण वाटलं होतं मला, आधी. तिथे बसल्यावर वाटलं नाही.

चंद्रपूरच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. वय पंचवीस. या जंगलांसाठी, या डोंगरांच्या आडोशाने ते लढले. इंग्रजांच्या कागदांत ते बंडखोर. आज दर ऑक्टोबरला सर्व पक्षांचे पुढारी त्यांना हार घालतात, भाषणं करतात, आणि संध्याकाळी गाड्या लाल धुळीच्या रस्त्याने परत जातात.

तो बारावी शिकलेला पोरगा आता चाळिशीला आला आहे. मधे फोन झाला. मी विचारलं, ग्रामसभा भरते का? म्हणाला, भरते. वही कोण लिहितं? थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, आता आम्ही नाव टाकत नाही लिहिणाऱ्याचं.”

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक

(पाकिटातल्या प्रतीवर माझं नाव, पत्ता आणि सही आहे. मी आता पेन्शनर, माझं कोणी काय करणार.)

सोबत : ठरावाची झेरॉक्स जोडणार होतो. ज्यांचा ठराव आहे त्यांना विचारलं. ग्रामसभेत बोलून कळवतो म्हणाले, आणि कळवलं : नका जोडू, अंगठे आणि सह्या ओळखू येतात.